नाव झाकलं, जिना दिसला

पत्र

प्रिय ताई,

मी ४१ वर्षांची आहे. मुंबईच्या एका उपनगरात, जुन्या सोसायटीत राहते. घर माझ्या नावावर आहे. इमारतीचा पुनर्विकास ठरतो आहे. कॉर्पस (विकासक सभासदांना देतो ती रक्कम) किती, नवी इमारत होईपर्यंतचं भाडं किती महिने मिळणार, सल्लागार कसा नेमला, यातलं कुणी काही सरळ सांगत नाही. विचारलं की ‘वहिनी, तुम्हाला यातलं कळायचं नाही’ म्हणतात. मी हिशेबाचंच काम करते, मला कळतं. पण घरातलंच एक माणूस कमिटीच्या जवळचं आहे. म्हणून गेल्या वर्षी मी इन्स्टाग्रामवर एक पान काढलं आणि नाव न देता प्रश्न विचारायला लागले. सोसायटीतले बरेच जण ते वाचतात. आता सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलंय, ‘हिंमत असेल त्याने नावानिशी बोलावं.’ जिन्यात दुसरा विषय नसतो.

त्यातच माझ्या १९ वर्षांच्या भाचीच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडलं. तिचे फोटो लावून कॉलेजातल्या मुलांना घाणेरडे मेसेज पाठवले. पोरगी चार दिवस जेवली नाही. मी संतापून म्हणाले, ‘सगळ्या खात्यांना आधार जोडा, बिननावाचं काही ठेवूच नका!’ आणि त्याच रात्री ११ वाजता मी माझ्या बिननावाच्या पानावर पोस्ट टाकली. टाकली आणि थरथरायला लागले. मी दुटप्पी आहे का? आणि हे नाव लपवून लिहिणं अजून किती वर्षं चालेल? मी लहान आहे तुमच्याहून, मला ‘तू’च म्हणा.

– गच्चीची किल्ली

उत्तर

प्रिय किल्ली,

आधी भाचीचं बघू. बाकीचं थांबू शकतं.

खोटं खातं दिसलं की घरची माणसं पहिली धाव ते बंद करायला घेतात आणि पुरावा हातचा जातो. म्हणून आधी त्या खात्याच्या आणि मेसेजेसच्या पडद्याचे फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. खात्याची लिंक वेगळी उतरवून ठेवा. ज्या मुलांना मेसेज आले त्यांच्यापैकी दोघांना तरी ते न पुसता ठेवायला सांगा. मग कंपनीकडे ‘माझं सोंग घेतलं आहे’ या सदराखाली तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार दुसऱ्याचं सोंग घेतलेल्या मजकुरावर कंपनीला ठरलेल्या थोड्या मुदतीत पावलं उचलावी लागतात. त्यासोबतच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा किंवा तुमच्या विभागाच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी (ओळख चोरणं) आणि ६६डी (सोंग घेऊन फसवणं) ही कलमं अशा प्रकरणांत लावतात. त्या पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. तुमच्या बाबतीत मात्र नाव द्या, कारण तपासाचा पाठपुरावा करायचा आहे. पण ही सोय तिथे आहे हे लक्षात ठेव. आपल्याला पुढे त्याकडे परत यायचं आहे.

आणि भाचीजवळ बस. तिला एकदाही ‘फोटो टाकलेसच कशाला’ असं विचारू नकोस.

आता तू. दुटप्पी आहेस का, याचं उत्तर मी एका शब्दात देणार नाही, कारण तुझ्या वर्षभराच्या लिखाणाला एकच उत्तर लागू पडत नाही.

माझ्या मावशीचं लग्न १९७४ साली ठरलं होतं. आम्ही तेव्हा गिरगावात राहायचो. साखरपुड्याला आठ दिवस राहिले आणि मुलाकडे एक पोस्टकार्ड गेलं: मुलीला फिट्स येतात. खाली सही ‘एक हितचिंतक’. मावशीला कधीच फिट आली नव्हती. लग्न मोडलं. कार्ड कुणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि न कळण्यानेच जास्त वाटोळं केलं. मावशी पुढे कितीतरी वर्षं चाळीतल्या प्रत्येक बाईकडे त्याच नजरेने बघायची. आपल्याकडे ‘निनावी’ हा शब्द अजून वाईट वाटतो, त्यामागे अशी कितीतरी पोस्टकार्डं आहेत. तुझ्या भाचीच्या बाबतीत घडलं ते त्याच जातीचं आहे.

पण याच मुंबईत, त्याच्या ८९ वर्षं आधी, १८८५ च्या जूनमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध एक पत्र छापून आलं. सही होती ‘एक हिंदू स्त्री’. लिहिणारी होती रखमाबाई. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेली, आणि नवऱ्याने नांदायला यावं म्हणून कोर्टात खेचलेली. नाव घालून लिहिलं असतं तर लोकांनी पत्र बाजूला ठेवून बाईच वाचली असती. दोन वर्षांनी, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या हायकोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. तेव्हा तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ती मात्र स्वतःच्या नावाने. पुढे ती लंडनला शिकून डॉक्टर झाली हे तू शाळेत वाचलं असशील.

पोस्टकार्डवाल्याने नाव लपवलं आणि रखमाबाईनेही लपवलं. पण पोस्टकार्ड एका अशा मुलीबद्दल होतं जिला उत्तर द्यायला जागाच नव्हती. रखमाबाईचं पत्र एका प्रथेबद्दल होतं, आणि त्या प्रथेच्या बाजूने बोलायला अख्खं शहर मोकळं होतं. मी निनावी मजकूर वाचते तेव्हा आधी एवढंच बघते, की ज्याच्याविषयी लिहिलंय तो लिहिणाऱ्याहून बलवान आहे की दुबळा.

कायद्यालाही हा फरक जुना आहे. १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०७ होतं: निनावी राहून किंवा नाव-पत्ता लपवून धमकी दिली, तर धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आजच्या न्यायसंहितेत तेच ३५१(४) म्हणून आलं आहे. त्यात गुन्हा धमकीचा आहे. नाव लपवल्याने तो जड होतो. नुसतं नाव लपवणं हा गुन्हा तेव्हाही नव्हता, आजही नाही. उलट काही ठिकाणी दुबळ्याला जपायला कायदाच नाव झाकतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार बाईची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. मतदान गुप्त असतं ते याच कारणाने, आणि पोर्टलवर बिननावाच्या तक्रारीची सोय ठेवावी लागली तीही याच कारणाने.

तेव्हा पुनर्विकासाचा हिशेब टोपणनावाने विचारणारी तू आणि भाचीला छळणारा तो, हे एका पारड्यात बसत नाहीत.

पण किल्ली, मी तुझं पान सुरुवातीपासून वाचलं. मे महिन्यातली एक पोस्ट आहे, सेक्रेटरींच्या मुलीच्या लग्नाच्या खर्चाबद्दल. ‘हॉलचं भाडं कुठून आलं?’ असा प्रश्न, सोबत लग्नाचा फोटो. तुझ्याकडे कागद होता का? त्या मुलीचा कॉर्पस फंडाशी काय संबंध? तिथे तू पोस्टकार्ड लिहिलंस. आणि पत्रात तूच कबूल केलं आहेस (तो भाग मी छापला नाही) की सोसायटीच्या ग्रुपवर तू स्वतःच्या नावाने ‘ते पान जे म्हणतंय ते मलाही पटतं’ असं दोनदा लिहिलंस. हे म्हणजे एकाच माणसाने दोन हात वर करणं झालं. ती पोस्ट आज काढ, आणि पानावर दोन ओळी लिही की ती चूक होती. ग्रुपवर यापुढे पानाविषयी एक अक्षर बोलू नकोस. थरथरलीस ती बहुधा याच दोन गोष्टींमुळे. बाकीच्या वर्षभराच्या प्रश्नांना थरथरायचं कारण मला दिसलं नाही.

‘हिंमत असेल तर नावानिशी बोला’ हे वाक्य मला फार बोचतं. २०१२ च्या नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या आवडल्याचं बटण दाबलं. दोघी स्वतःच्या नावाने बोलल्या होत्या. दोघींना अटक झाली. ज्या कलमाचा वाद त्यातून उभा राहिला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ए सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, पण त्या मुलींची ती रात्र कुणी परत देऊ शकलं नाही. याहून वाईटही घडलं आहे. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव गुप्त राहिलं नाही. पत्र कार्यालया-कार्यालयांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. आता ‘नावानिशी’ म्हणणाऱ्याला आपण विचारायचं, की नाव दिल्यावर माझ्या भिंतीची, पाण्याची, पार्किंगची जबाबदारी तुम्ही घेता का?

आणि सगळ्यांना आधार जोडायची तुझी ती सूचना. संतापाच्या भरात कुणीही म्हणेल. दक्षिण कोरियाने हे खरोखर करून बघितलं. २००७ पासून तिथल्या मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचं तर ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागे. शिवीगाळ त्याने थांबली नाही. पण ओळखीचे ते ढीग चोरांसाठी सोयीचे झाले: २०११ मध्ये एका हल्ल्यात सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द केला. तुझ्या भाचीला छळणारा आधार नसल्यामुळे मोकळा आहे असं समजू नकोस. त्याचा मोबाइल क्रमांक, त्याच्या इंटरनेटचा पत्ता, त्याचा फोन, यांच्या नोंदी कुठे ना कुठे आहेत. अडतं ते त्या मागवण्यापाशी, चौकीत ‘खातं बंद करा ना, संपलं’ म्हणून बाईला परत पाठवण्यापाशी. म्हणून तक्रारीची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आता तुझा दुसरा प्रश्न, किती वर्षं. मी तुला घाबरवत नाही, पण खोटा धीरही देणार नाही.

तुझं पत्र मी जसंच्या तसं छापलेलं नाही. त्यातली सात वाक्यं काढली, उपनगराचं नाव काढलं, ‘घरातलं माणूस’ कमिटीत नेमकं कोण ते काढलं. कारण ती सात वाक्यं एकत्र वाचली असती तर तुझ्या सोसायटीतल्या कुणालाही तुझा दरवाजा सापडला असता. ‘किल्ली’ ही सहीसुद्धा मी दिलेली आहे. नावाने माणूस फार थोडा ओळखू येतो. त्याला उघडं पाडतो तो तपशिलांचा गुंता. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख माणसांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या, नावं काढून टाकलेल्या. कोण कुठल्या तासाला साधारण कुठे होतं, असे फक्त चार ठिपके माहीत असले की ९५ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता आली. चार ठिपके म्हणजे काय, तुझा एक कामाचा दिवस: सकाळी घर, साडेआठला स्टेशन, दुपारी ऑफिस, संध्याकाळी भाचीचं घर.

तुझ्या पानावरचा नोटीस बोर्डाचा फोटो बघ. जिन्याच्या वळणावरून, थोडा उंचावरून काढला आहे. त्या कोनातून बोर्ड कुणाच्या दारातून दिसतो ते सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही कळेल. नाव झाकलंस आणि जिना दाखवलास. तुझ्या पोस्ट कायम रात्री ११ नंतरच्या. तू प्रत्येक पोस्टमध्ये ‘मुळात’ या शब्दाने सुरुवात करतेस, आणि पत्राचीही तशीच केली होतीस (तेही मी बदललं). पान तू स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलं असशील तर, ज्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर आहे त्यांना ते ‘तुमच्या ओळखीचं खातं’ म्हणून सुचवलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये जाऊन संपर्क जोडणं आणि खातं सुचवणं दोन्ही आजच बंद कर.

तू कुणापासून लपते आहेस ते आधी स्वतःशी ठरव. सेक्रेटरींपासून? ते जमतं, शिस्त पाळलीस तर. कंपनीपासून? नाही जमत, तिला तुझा फोन माहीत आहे. पोलीस आणि कोर्टापासून? तेही नाही, आणि अब्रुनुकसानीचा दावा झाला तर कोर्ट कंपनीकडून माहिती मागवू शकतं. आपल्या कोर्टांत अनोळखी प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणायची पद्धत आहे. तो अशोक कुमार उद्या तू निघू शकतेस. म्हणून प्रत्येक वाक्य असं लिही, की नाव बाहेर आलं तरी तू ते न्यायाधीशासमोर उभं राहून, कागद दाखवून वाचू शकशील.

पुढची वर्षं याहून कठीण आहेत. मी ३० वर्षं लोकलने गेले. लेडीज डब्यात अनोळखी बायकांनी मला नवऱ्याच्या दारूपासून मूल न होण्यापर्यंत सगळं सांगितलं आहे, आणि घाटकोपर आलं की उतरून गर्दीत नाहीशा झाल्या. सांगता येत होतं ते त्या नाहीशा होणार होत्या म्हणूनच. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेऱ्याचा चष्मा घालून समोरच्या अनोळखी माणसाचा चेहरा टिपला, चेहरा शोधणाऱ्या यंत्रणेला जोडला, आणि थोड्याच वेळात त्याचं नाव, पत्ता हाताशी आला. धोका दाखवण्यासाठी केलेला प्रयोग होता तो. पण तो चष्मा घालून कुणीतरी उद्या माझ्यासमोरच्या बाकावर बसेल, तेव्हा ती घाटकोपरला उतरणारी बाई काय बोलेल?

मुंबईने ज्यांना सर्वांत जास्त दिलं त्यांना ही अनोळखीच दिली आहे. गावात ‘आडनाव काय तुमचं?’ या एका प्रश्नावर विहिरीपासून अंतर ठरायचं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर इतक्या कठोर शब्दांत टीका केली, त्यामागे हेच होतं. मुंबईत येणाऱ्याला फलाट, वडापावची गाडी यांनी आडनाव विचारलं नाही. घर भाड्याने देताना अजून विचारतात, ते मी विसरलेले नाही. पण गर्दीत निदान सुटका होती. फोनच्या जाळ्यात अख्खं शहर पुन्हा एक गाव होत चाललं आहे, जिथे सगळ्यांना सगळ्यांचं आडनाव आधीच माहीत. मला याची खरंच भीती वाटते, आणि ती माझ्यासाठी कमी, तुझ्या भाचीच्या वयाच्या मुलींसाठी जास्त आहे.

तरी सगळं हातातून गेलेलं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. त्याच कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक रोखे रद्द केले. पक्षांना कोण पैसे देतं ते जनतेपासून झाकणारा पडदा घटनेत बसत नाही म्हणून. सामान्य माणसाच्या घरावर पडदा असावा आणि सत्तेला पैसे देणाऱ्याच्या तिजोरीवर नसावा, असं मी या दोन निकालांतून वाचते. तुझ्या सोसायटीलाही हेच लागू आहे. तुझं नाव झाकलेलं राहू दे, कमिटीचा हिशेब उघडा हवा.

त्यासाठी पान पुरणार नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं बघण्याचा हक्क आहे. हा अर्ज नावानेच करावा लागतो. पण त्यासाठी एकटीने उभं राहू नकोस. वर्षभरात तुझ्या पानावर खऱ्या नावाने प्रश्न विचारणारे तिघे-चौघे तुला दिसले असतील. त्यांच्याशी तू, पानवाली म्हणून नव्हे, शेजारीण म्हणून बोल. अर्जावर पाच सह्या असल्या की तुझी पाचातली एक होते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार विकासक निवडायच्या सभेला सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा प्रतिनिधी लागतो आणि सभेचं चित्रीकरण करावं लागतं. त्या सभेत एकच प्रश्न विचार, स्वतःच्या आवाजात. भाडं किती महिन्यांचं आणि ते थकलं तर हमी कुणाची? चित्रीकरणात तो प्रश्न तुझ्या नावाने राहील. घरातल्या त्या माणसाला मात्र सभेच्या आदल्या रात्री तूच सांग की मी उद्या प्रश्न विचारणार आहे. पानाबद्दल सांगायचं की नाही ते तू ठरव. मी असते तर आत्ता सांगितलं नसतं.

शेवटचं एक. हे पत्र तू ऑफिसच्या ईमेलवरून पाठवलंस. ती पेटी ऑफिसची असते, तिथे कुणीही डोकावू शकतं. तुझ्या ‘पाठवलेले’मधून ते काढ. नोंद कुठेतरी उरेलच, पण सहज दिसणार नाही. माझ्याकडची प्रत मी आज पुसली. पुढचं पत्र पोस्टाने टाक, दुसऱ्या स्टेशनच्या पेटीत. भाची जेवायला लागली का, तेवढं त्यात लिही.

– ताई